'डेथ रेकॉर्डेड' : दोन शब्दांवर अडलेलं पुस्तक

रेडिओवर चेहरा दिसत नाही, म्हणून बाकी सगळं ऐकू येतं. कागद उलटल्याचा आवाज, घेतलेला श्वास, उत्तराला लागलेला वेळ. समोरासमोर बसलेल्या माणसाला दोन सेकंदांचं थांबणं जाणवतही नाही. रेडिओवर तेवढ्या शांततेत ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे जातो. मे २०१९ मध्ये बीबीसी रेडिओ ३ च्या 'फ्री थिंकिंग' या कार्यक्रमात अमेरिकन लेखिका नाओमी वुल्फ 'आउटरेजेस' या आपल्या नव्या पुस्तकाबद्दल बोलत होत्या. पुस्तक ब्रिटनच्या बाजारात नुकतंच आलं होतं. त्या मुलाखतीत पुस्तकातली एक मोठी चूक उघडी पडली. तो काही मिनिटांचा तुकडा पुढच्या दोन-तीन दिवसांत जगभर ऐकला गेला, आणि अजूनही ऐकला जातो.

मी पुस्तकांच्या संपादनाचं काम करते. हा तुकडा मी किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद ठेवलेली नाही. बहुतेकांनी तो एका प्रसिद्ध बाईची फजिती म्हणून ऐकला. मला दर वेळी वाटतं, की ही चूक त्या स्टुडिओत शिरण्याआधी किती दारांतून आत आली, आणि एकाही दारावर तिला कुणी हटकलं कसं नाही? हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण तेवढंच आहे.

पुस्तक आणि लेखिका

नाओमी वुल्फ यांचं नाव १९९० पासून गाजतंय. 'द ब्यूटी मिथ' या त्यांच्या पहिल्याच पुस्तकाने स्त्रियांवरच्या सौंदर्याच्या दडपणाची चर्चा घराघरांत नेली. ऐंशीच्या दशकात त्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेल्या होत्या. तेव्हा डॉक्टरेट पूर्ण झाली नाही. कित्येक वर्षांनी परत जाऊन त्यांनी अभ्यास पुरा केला आणि २०१५ मध्ये पदवी मिळवली. पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी होऊन अर्धवट राहिलेलं काम तडीला नेणं सोपं नसतं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच प्रबंधावर पुढे 'आउटरेजेस' हे पुस्तक उभं राहिलं.

पुस्तकाच्या मध्यभागी आहेत जॉन ॲडिंग्टन सिमंड्स. १८४० मध्ये जन्मलेले इंग्रज कवी, समीक्षक, समलिंगी. आपलं मन त्यांनी आठवणींच्या हस्तलिखितात लिहून ठेवलं, पण १८९३ मध्ये ते वारले तेव्हा ते हस्तलिखित छापणं शक्यच नव्हतं. ते प्रसिद्ध व्हायला १९८४ साल उजाडलं. अशा माणसाला कायद्याची भीती कशी वाटत असेल, ती भीती त्याच्या लेखणीत कशी उतरली असेल, हा वुल्फ यांचा विषय. विषय मोलाचा आहे. ही भीती किती खरी होती हे दाखवायला त्यांनी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयातले खटले पुढे केले. इंग्लंडमध्ये पुरुषांमधल्या लैंगिक संबंधासाठी शेवटची फाशी १८३५ मध्ये झाली असं इतिहासकार मानतात. वुल्फ यांचं म्हणणं असं होतं की त्यानंतरही अनेक फाशी झाल्या, आणि त्यांची नोंद आपण पाहिली आहे.

स्टुडिओत काय झालं

मुलाखत घेत होते मॅथ्यू स्वीट. ते नुसते निवेदक नव्हेत. एकोणिसाव्या शतकातला इंग्लंड हा त्यांचा अभ्यासाचा विषय, आणि त्या काळाबद्दलच्या रूढ समजुती तपासणारं त्यांचं स्वतःचं पुस्तक २००१ मध्ये आलेलं. वुल्फ बोलता बोलता म्हणाल्या की आपल्याला कित्येक डझन फाशी सापडल्या. त्यावर स्वीट यांनी आकडा परत उच्चारला, आणि हे बरोबर आहे असं मला वाटत नाही, असं शांतपणे म्हटलं.

मग त्यांनी पुस्तकातलंच एक उदाहरण उचललं. थॉमस सिल्व्हर, वय वर्षं चौदा, खटला १८५९ चा. या मुलाला फाशी दिल्याचं पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. पुरावा म्हणून न्यायालयाच्या नोंदीतली ओळ दिली होती: अनैसर्गिक गुन्ह्याचा आरोप, दोषी, 'डेथ रेकॉर्डेड'. स्वीट यांनी हे वाचून दाखवलं, वुल्फ यांनी दुजोरा दिला. पुढचं वाक्य होतं: थॉमस सिल्व्हरला फाशी झालीच नाही.

'डेथ रेकॉर्डेड' हे शब्द पाहून मलाही नवल वाटलं, म्हणून मी शोधलं, असं स्वीट म्हणाले. हा एक कायदेशीर प्रकार होता, १८२३ मध्ये निर्माण केलेला. ज्या कैद्याला माफी मिळायला हवी असं न्यायाधीशाला वाटे, त्याला मृत्युदंड प्रत्यक्ष न सुनावण्याची मुभा त्यातून मिळत होती. तुम्ही दाखवलेल्या फाशींपैकी एकही घडली असं मला वाटत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मग सिल्व्हरच्या तुरुंगाच्या नोंदीचा दाखला आला. शिक्षेनंतर सुमारे अडीच वर्षांनी तो मुलगा बाहेर आला होता.

वुल्फ यांचं उत्तर मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत जास्त लक्षात राहिलं आहे. हे तपासणं फार महत्त्वाचं आहे, असं त्या म्हणाल्या, आणि लगेच विचारलं: 'डेथ रेकॉर्डेड'चा तुमच्या मते अर्थ काय? आवाज चढला नाही, हेडफोन काढून त्या उठून गेल्या नाहीत. ज्या वाक्यावर पुस्तकाचा एक खांब उभा होता ते वाक्य हजारो लोकांच्या कानांदेखत निखळत होतं, आणि त्या समोरच्याला प्रश्न विचारत होत्या. पायाखालची वाळू सरकत असताना असा प्रश्न सुचणं ही लहान गोष्ट नाही.

त्या दोन शब्दांचा अर्थ

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कायद्यात दोनशेच्या वर गुन्ह्यांना देहदंड होता. दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलला तरी फाशी. कायदा जितका क्रूर होत गेला तितकी तो वापरणाऱ्यांनाच त्याची लाज वाटू लागली. न्यायाधीशाने डोक्यावर काळं कापड ठेवायचं, कैद्याला फाशी सुनावायची, आणि पुढे राजाच्या नावाने माफी मिळून शिक्षा तुरुंगवासात किंवा हद्दपारीत बदलायची. हे नाटक रोजचं झालं होतं. फाशी सुनावल्या गेलेल्यांपैकी बहुतेक जण फासावर जात नसत, पण कोर्टात उभा राहिलेला माणूस ते ऐकून मात्र कोसळत असे.

१८२३ च्या कायद्याने यातून वाट काढली. खुनासारखे गुन्हे सोडून इतर देहदंडाच्या खटल्यांत न्यायाधीशाला वाटलं की हा कैदी दयेला पात्र आहे, तर त्याने मृत्यूची शिक्षा मोठ्याने सुनावायचीच नाही. फक्त दप्तरात नोंदवायची. या नोंदीचा परिणाम शिक्षा सुनावून लगेच स्थगिती दिल्यासारखाच असेल, असं कायद्यातच म्हटलं होतं. म्हणजे 'मृत्यू नोंदवला' या शब्दांचा व्यवहारातला अर्थ हा माणूस मरणार नाही, असा होता. वरून जे दिसतं त्याच्या बरोबर उलट.

आपल्याला हे विचित्र वाटायचं कारण नाही. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल, आणि ते चूक आहे. जन्मठेप म्हणजे उरलेलं सबंध आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. चौदा वर्षांची अट आहे ती गंभीर गुन्ह्यातल्या कैद्याला शिक्षेत सूट देऊन सोडण्याआधीची किमान मर्यादा म्हणून. किंवा सत्र न्यायालयाच्या निकालानंतरचा वर्तमानपत्रातला ठळक मथळा आठवा: 'तिघांना फाशी'. सत्र न्यायालयाने दिलेल्या मृत्युदंडावर उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय त्याचा अंमल होत नाही, हे आज आपल्याला ठाऊक असतं. दीडशे वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या हाती फक्त तो मथळा लागला, तर तो तिघांना मेलेलं धरेल. त्याच्या जागी मी असते तर मीही धरलं असतं.

चूक आत आली कुठून

ओल्ड बेलीच्या खटल्यांचे छापील अहवाल १६७४ पासून १९१३ पर्यंतचे आहेत. २००३ पासून ते टप्प्याटप्प्याने इंटरनेटवर आले. आज १,९७,७४५ खटले घरबसल्या शोधता येतात. सगळ्यांना खुलं असलेलं हे भांडार, आणि धोकाही त्यातच आहे. पूर्वी दप्तरखान्यात बसून जुने कागद चाळणाऱ्याला आजूबाजूचे शंभर कागद नजरेखालून घालावे लागत. त्या चाळण्यात परिभाषा हळूहळू अंगवळणी पडे. एखादा शब्द शोधाच्या खिडकीत टाकला की आता नेमकी ती ओळ समोर येते, एकटी, शेजारपाजाराशिवाय. आणि त्याच संकेतस्थळावर 'डेथ रेकॉर्डेड' म्हणजे काय ते समजावून सांगणारा मजकूर होता. स्वीट यांनी त्याचाच आधार घेतला. वुल्फ यांनी आपलं साधन म्हणून नाव घेतलं होतं तेही हेच संकेतस्थळ.

मोडी शिकणाऱ्यांना ही अडचण पटकन कळेल. पेशवेकालीन पत्राच्या अखेरीस 'छ' असं एक अक्षर येतं, पुढे आकडा आणि 'रमजान' किंवा 'जिल्हेज'सारखा महिना. हा 'छ' चंद्रासाठी, म्हणजे चांद्र तिथीसाठी, हे शिकवणाऱ्याने सांगितलं नाही तर पत्र घडाघडा वाचता येऊनही तारीख चुकते. अक्षर ओळखणं आणि नोंद समजणं ही दोन वेगळी कामं आहेत. 'डेथ रेकॉर्डेड'मध्ये तर फसगत आणखी मोठी. 'छ' अडवतो तरी, विचारायला भाग पाडतो. 'डेथ' आणि 'रेकॉर्डेड' हे शब्द शाळकरी मुलालाही येतात. तिथे थांबावं असं कुणालाच वाटत नाही. माझ्या कामात मला कठीण शब्दांची भीती वाटत नाही. लेखकाने ते शब्दकोशात पाहिलेले असतात. भीती वाटते ती सोप्या दिसणाऱ्या शब्दांची.

दुसरं कारण मनातलं आहे. वुल्फ यांना जे सापडेल असं वाटत होतं, तेच सापडलं. राज्यसंस्था प्रेमावर घाला घालते हे दाखवायचं होतं, आणि समोर चौदा वर्षांच्या मुलाच्या नावापुढे मृत्यू लिहिलेला. अशा वेळी डोळे भरून येतात आणि तपासायचं राहून जातं. मनासारखा पुरावा मिळाला की त्याची शहानिशा दुप्पट करावी, हे सांगणं सोपं आहे; मी स्वतः संपादन करताना मला पटलेल्या बाजूच्या मजकुरावरून भरभर पुढे जाते आणि न पटलेल्या बाजूचा प्रत्येक आकडा तपासते, हे मला माहीत आहे.

पण लेखिकेच्या मागे इतर माणसं होती. प्रबंधाला मार्गदर्शक होते, परीक्षक होते. पुस्तकाला ब्रिटनमध्ये 'विरागो'सारखे नावाजलेले प्रकाशक, अमेरिकेत हॉटन मिफ्लिन हारकोर्ट. यांपैकी कुणाच्याच चाळणीत हा खडा अडकला नाही. प्रबंध साहित्याच्या अंगाने लिहिलेला होता, तेव्हा तपासणाऱ्यांची नजर कवितांवर असणार आणि फौजदारी कायद्याच्या इतिहासावर कमी, असं मला वाटतं. प्रकाशकांचं तर उघड आहे. आमच्याकडे संपादक आणि मुद्रितशोधक असतात, पण संशोधनाच्या खरेपणासाठी आम्ही अखेर लेखकावरच अवलंबून असतो, अशा अर्थाचा खुलासा अमेरिकन प्रकाशकाने केला. हे जगभरच्या पुस्तक व्यवसायाचं चित्र आहे. काही नियतकालिकांमध्ये प्रत्येक वाक्याची खातरजमा करणारी स्वतंत्र माणसं असतात. पुस्तकांना तशी चैन बहुधा मिळत नाही. मराठीत तर संपादकच नसलेली इतिहासाची पुस्तकं सर्रास छापली जातात. ज्या दाराशी कुणी उभंच नाही, तिथे हटकणार कोण?

हसण्यात राहून गेलेली गोष्ट

तो तुकडा जगभर फिरला तेव्हा बहुतेकांच्या लक्षात राहिली ती 'फाशी झालीच नाही' ही गोष्ट. पण त्याच मुलाखतीत स्वीट यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि माझ्या दृष्टीने ती जास्त गंभीर आहे. त्यांनी त्या काळच्या वर्तमानपत्रातली बातमी शोधली होती. थॉमस सिल्व्हरवर आरोप होता तो एका सहा वर्षांच्या मुलावर अत्याचार केल्याचा.

म्हणजे ही प्रेमाची गोष्टच नव्हती. एका लहान मुलावर झालेल्या जबरदस्तीची होती.

ओल्ड बेलीच्या अहवालात हे का दिसलं नाही? कारण अशा खटल्यांचा तपशील छापायचाच नाही, असं धोरण अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच होतं. मजकूर छापण्यायोग्य नाही म्हणून गाळायचा. उरायची ती एक ओळ. आरोपीचं नाव, वय, गुन्ह्याचं मोघम नाव, निकाल. आणि 'अनैसर्गिक गुन्हा' हे नाव इतकं मोघम होतं की दोन प्रौढ पुरुषांचा राजीखुशीचा संबंध, लहान मुलावरचा अत्याचार आणि जनावराशी केलेलं कृत्य, सगळं त्याच एका पोत्यात. लाजेपोटी तपशील झाकला गेला आणि त्याबरोबर पीडित मूलही झाकलं गेलं. त्या एका ओळीवरून पुढे जाणाऱ्या अभ्यासकाला आत कोण आहे हे कळायला मार्गच नव्हता, बाहेरचा दुसरा कागद आणल्याशिवाय.

तो दुसरा कागद होता. वर्तमानपत्र होतं, तुरुंगाची नोंदवही होती. ओल्ड बेलीत शिक्षा झालेल्या सुमारे ९०,००० कैद्यांची पुढची आयुष्यं निरनिराळ्या दप्तरांतून जोडून दाखवणारा 'डिजिटल पॅनॉप्टिकॉन' नावाचा प्रकल्पही २०१७ पासून खुला आहे. फाशी झाली म्हणायचं तर फाशीचा कागद लागतो: तारीख, जागा, बातमी. इंग्लंडमध्ये १८६८ पर्यंत फाशी चौकात, गर्दीसमोर दिली जात होती. १८५९ मध्ये लंडनमध्ये चौदा वर्षांच्या मुलाला तसं लटकवलं असतं, तर वर्तमानपत्रांत त्याच्यावर रकानेच्या रकाने भरले असते. ते कुठेच का नाहीत, हा प्रश्न पडायला हवा होता.

इथे मला खरा खेद वाटतो, कारण जे खरोखर घडलं ते पुरेसं भयंकर होतं. १८३५ मध्ये जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ हे दोन गरीब पुरुष साउथवर्कमधल्या एका भाड्याच्या खोलीत होते. घरमालकाने किल्लीच्या भोकातून आत पाहिलं आणि पोलिसांना बोलावलं. खटला चालला, आणि २७ नोव्हेंबर १८३५ ला न्यूगेट तुरुंगाबाहेर दोघांना फाशी दिली. त्यांना कोर्टाकडे पाठवणाऱ्या हेन्स्ली वेजवूड या दंडाधिकाऱ्यानेच गृहमंत्र्यांना दयेसाठी पत्र लिहिलं होतं. पैसेवाल्या माणसाला आडोसा विकत घेता येतो, गरिबाला नाही, असा त्याचा मुद्दा होता. ऐकलं गेलं नाही. पुढे १८६१ च्या कायद्याने या गुन्ह्याचा देहदंड गेला, पण त्या जागी किमान दहा वर्षं ते जन्मभराची सक्तमजुरी आली. १८८५ मध्ये आणखी एक कलम आलं, ज्याखाली १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड तुरुंगात गेले. सिमंड्स भीतीने आयुष्य काढत होते ते उगाच नव्हे. भीती दाखवायला न झालेल्या फाशींची गरजच नव्हती.

या कायद्याचा धागा आपल्यापर्यंत येतो. भारतीय दंडसंहिता १८६० ची, अंमलात आली १८६२ मध्ये. तिच्यात कलम ३७७ होतं, तोच 'निसर्गाच्या विरुद्ध' हा शब्दप्रयोग घेऊन आलेलं. देहदंड आपल्याकडे त्यात नव्हता, जन्मठेप होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना या कलमातून मोकळं केलं ते ६ सप्टेंबर २०१८ ला, या मुलाखतीच्या आठेक महिने आधी. त्या दिवशी मुंबई-पुण्यात रडलेली माणसं मी पाहिली आहेत. जबरदस्ती आणि प्रेम एकाच पोत्यात घालणारा कायदा माणसांचं काय करतो हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. म्हणूनच इतिहास लिहिणाऱ्यानेही ते पोतं उघडून वेगवेगळं करायला हवं होतं.

मुलाखत घेणारा

स्वीट यांच्यावर टीका झाली. त्यांनी फोन करून आधी कळवायला हवं होतं, पाहुण्याला असं तोंडावर पाडू नये, वगैरे. मला ही टीका मान्य नाही. त्यांनी पुस्तक वाचलं, वाचताना एका शब्दावर अडले, तो शोधला, मग तुरुंगाची नोंद शोधली, मग वर्तमानपत्र शोधलं. लेखनाला याहून मोठा मान कोणता द्यायचा? बोलताना त्यांचा सूर कुठेही खाली उतरवण्याचा नव्हता. पुस्तक विकायला आलेलं होतं, वाचक ते खरं मानून घेणार होते. प्रश्न त्या वाचकांच्या वतीने होता.

आपल्याकडच्या लेखकांच्या मुलाखती मी खूप ऐकते. लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली, सध्या काय लिहिताय, नवोदितांना काय सांगाल. पुस्तक न वाचता विचारता येतील असे हे प्रश्न. लेखकालाही ते सोयीचे जातात, कारण उत्तरं पाठ असतात. पण दहा वर्षं खपून लिहिलेल्या पुस्तकाच्या नशिबी तेवढंच आलं, तर तो त्या पुस्तकाचा अनादर आहे असं मला वाटतं. वुल्फ यांच्या वाट्याला अडचणीची काही मिनिटं आली, पण त्यांचं पुस्तक त्या स्टुडिओत खरोखर वाचलं गेलं होतं.

पुढे काय झालं

पहिल्या धक्क्यात अमेरिकन प्रकाशक म्हणाले की चूक दुरुस्त होईल, पण पुस्तकाचा एकूण युक्तिवाद टिकतो. १८ जूनला पुस्तक अमेरिकेत यायचं होतं. त्याआधीच त्यांनी प्रकाशन पुढे ढकललं आणि दुकानांकडे रवाना झालेल्या प्रती परत मागवल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये लेखिका आणि प्रकाशक वेगळे झाले; ती आवृत्ती निघालीच नाही. ब्रिटनमध्ये 'विरागो'ने दुरुस्त्या करून नोव्हेंबर २०२० मध्ये कागदी बांधणीची आवृत्ती काढली.

वुल्फ स्वतः लपून बसल्या नाहीत. मुलाखतीनंतर लगेचच वेल्समधल्या 'हे' या गावी भरणाऱ्या साहित्य महोत्सवाच्या व्यासपीठावर त्यांनी पुस्तकाची बाजू मांडली आणि चूक दुरुस्त केल्याचं सांगितलं. जूनमध्ये मॅनहॅटनच्या कार्यक्रमात, आपल्याला लाज वाटत नाही, स्वीट यांचे आभारच वाटतात, असं त्या म्हणाल्या. आभार मानणं मला आवडलं. लाज वाटत नाही हे मात्र पटलं नाही. ज्या मुलाला आपण छापील पुस्तकात मारून टाकलं तो जगला होता, आणि ज्या लहानग्यावर अत्याचार झाला तो आपल्या पुस्तकात नव्हताच, हे कळल्यावर थोडी लाज वाटायलाच हवी. ती वाटली असती तर पुढची दुरुस्ती अधिक खोलवर झाली असती.

कारण दुरुस्त आवृत्तीनंतरही वाद थांबला नाही. २०२१ च्या सुरुवातीला स्वीट यांनी आणि इतर इतिहासकारांनी पुन्हा आक्षेप घेतला: फाशीची चूक काढली, पण मुलांवरचे अत्याचार आणि जनावरांशी केलेली कृत्यं यांचे खटले अजूनही छळलेल्या प्रेमिकांच्या यादीत राहिले आहेत. शब्द बदलला, त्या शब्दावर रचलेलं तसंच राहिलं. त्याच वर्षी ऑक्सफर्डचा मूळ प्रबंध दुरुस्त्यांची पानं जोडून लोकांना वाचायला खुला झाला.

अलीकडे माझ्याकडे एक हस्तलिखित आलं होतं, संस्थानी काळातल्या दप्तरावर आधारलेलं. त्यात एका शिक्षेपुढे लेखकाने 'देहान्त' असं लिहिलं होतं. मी त्यांना फोन केला आणि विचारलं, "सर, मूळ कागदावर नेमकं कोणतं अक्षर आहे? आणि अंमल झाल्याचा दुसरा कागद आहे का?" ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, उद्या दप्तरखान्यात जाऊन पाहून येतो." दोन दिवसांनी त्यांनी त्या पानाचा फोटो पाठवला. मोडीतली फिकट ओळ, आणि तिच्या खाली वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताने लिहिलेली दुसरी ओळ. ती अजून आम्हा दोघांनाही लागलेली नाही. एका जाणकारांकडे वाचायला दिली आहे, आणि तोवर ते प्रकरण छपाईला जाणार नाही.